मॅडम, तुम्ही ओरडत का नाही?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय, नोकरी कंत्राटी, मानधनावर. दर जूनला नवी ऑर्डर. मुलींचा सतरा वर्षांखालचा व्हॉलीबॉल संघ माझ्याकडे आहे. माझ्या आधीचे सर निवृत्त झाले. ते मैदानावर आले की शेजारच्या गल्लीला कळायचं. हातही उगारायचे. पण त्यांच्या काळात संघ विभागापर्यंत जायचा. यंदा आम्ही जिल्ह्यालाच, उपांत्य सामन्यात हरलो, तिसऱ्या सेटला 15-12. त्या सेटला 8-5 असे मागे असताना मी आमच्या लिफ्टरला (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या मुलीला) बाहेर घेतलं. तिचे वडील संस्थेच्या मंडळावर आहेत आणि यंदाचं किट त्यांनीच दिलंय. मॅच संपली तसे पालक भोवती जमले. "मॅडम, तुम्ही ओरडतच नाही. पोरींना धाक नको? दोन फटके दिले तरी आमची हरकत नाही." लिफ्टरचे वडील तिथं काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "जरा सांभाळून घ्या. जूनला तुमची ऑर्डर आहे." त्या मुलीशी माझं अजून बोलणं झालेलं नाही, ती सरावाला येते, पण माझ्याकडे बघत नाही. खरं सांगायचं तर मी घरी आरशासमोर उभी राहून ओरडायचा सराव करून पाहिला. आधी माझं मलाच हसू आलं, मग रडू आलं. मी बदलू का? की हे सोडून दुसरी नोकरी बघू?
— एक क्रीडाशिक्षिका

मॅडम,

आरशासमोरचा सराव आजपासून बंद करा. तुमचा आवाज त्या पोरींना पाठ आहे. सोमवारी तुम्ही निवृत्त सरांचा आवाज काढलात तर त्या दिवशी त्या दचकतील आणि मंगळवारी मधल्या सुट्टीत वर्गात तुमची नक्कल करतील.

पण म्हणून पालक साफ चुकले आणि तुम्ही बरोबर, असं लिहून मी मोकळी होणार नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, बहुधा सहज लिहून गेलात: त्या मुलीशी अजून बोलणं झालेलं नाही. माझ्या मते खरी भानगड तिथं आहे. तिकडे येतेच. आधी पालक.

आपल्या गावाला वस्तादाची सवय आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं, त्याच्या आधीपासून इथं पेठापेठांत तालमी घुमतायत. पोराला तालमीत घालणारा बाप त्याला वस्तादाच्या हवाली करून निघून जायचा. पोरानं जोर किती मारायचे, लढत कुणाशी करायची, यंदा मैदानात उतरायचं की अजून वर्षभर मातीच अंगाला लावायची, हे वस्ताद ठरवायचा. बाप रोज संध्याकाळी हौद्याच्या कडेला येऊन जाब विचारत नसे. तुमच्या कोर्टाच्या कडेला उभे असलेले पालक त्या वस्तादाची आठवण काढतात खरी, पण अर्धीच. आवाज त्यांना वस्तादाचा हवाय, अधिकार मात्र कुणाच्या हवाली करायचा नाहीये. ओरडा, मारा, काय वाटेल ते करा, फक्त माझ्या पोरीला बाहेर बसवू नका, असा तो सौदा आहे. आणि आरशासमोर उभं राहून तुम्ही तो जवळजवळ मान्य करत होता.

यात कोल्हापूरचा स्वभावही थोडा आहे म्हणा. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेला प्रत्येक माणूस आपण कोच असल्यासारखाच बोलतो, मग तो आयुष्यात एकदाही फुटबॉल खेळलेला नसो. ती हौस आहे आणि तिच्यावर मला राग नाही. पण गॅलरीतला माणूस तुमच्या ऑर्डरवर सही करत नाही. तुमच्याकडे गॅलरी आणि ऑफिस एकाच जागी आलेत.

तरीही पालकांना हसण्यावारी नेऊ नका. सतरा वर्षांखालच्या संघात दहावीच्या मुली असतातच. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे जास्तीत जास्त 25, त्यांच्या आईवडिलांच्या डोळ्यांपुढे असतात. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण त्याच्याही पुढचं स्वप्न. 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेतलं. तो रेल्वेत नोकरीला आहे ही गोष्ट त्याच्या पदकाइतकीच आपल्याकडच्या घराघरांत बोलली गेली. तेव्हा 8-5 ला मुलगी बाहेर आली की तुम्हाला तो एक बदल दिसतो. वडिलांना विभाग, राज्य, प्रमाणपत्र, गुण अशी सगळी उतरंड कोसळताना दिसते. त्यांचा हिशेब चुकीचा असेल, पण काळजी खोटी नाही. हे मनात धरून त्यांच्याशी बोललात तर तुमचा सूर आपोआप वेगळा लागेल.

आता तो 8-5 चा क्षण. निर्णायक सेट 15 चा, 8 ला बाजू बदलतात. म्हणजे तुम्ही बाजू बदलतानाच तिला बाहेर घेतलं असणार. तो बदल बरोबर होता की नाही, हे इथं बसून मी सांगू शकत नाही. ती चेंडूखाली उशिरा पोचत होती का, पास नेटला चिकटत होते का, की फर्स्ट पासच, म्हणजे तिच्याकडे येणारा पहिला चेंडूच, खराब येत होता आणि तिचा दोष नव्हताच, हे तुम्ही पाहिलंय. मला विचारायचंय ते वेगळंच. सुरुवातीच्या सहांतली खेळाडू बाहेर गेली तर त्याच सेटमध्ये एकदा परत येऊ शकते, तिच्या जागी आलेल्या मुलीच्याच जागी. हे तुम्हाला माहीत आहे. तिला माहीत होतं का? ती बेंचवर येऊन बसली तेव्हा तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून, "समोरची मधली ब्लॉकर आधीच उडी घेतेय का बघ, तुला परत पाठवणार आहे," एवढं म्हणालात का? पत्रावरून वाटतं, नाही. तुम्ही पाटी दाखवलीत, ती बाहेर आली, आणि तेव्हापासून तुमच्या दोघींत एक शब्द नाही.

इथं मी तुमच्याशी सहमत नाही, मॅडम. तुम्ही ओरडत नाही हे उत्तमच. पण तुम्ही सांगतही नाही. आधीचे सर गरजायचे त्यात सत्तर टक्के नुसता धूर असेल, पण उरलेल्यात पोरीला एवढं तरी कळायचं की सरांना काय खुपलंय. तुमच्या गप्पपणातून पंधरा वर्षांच्या पोरीनं काय समजायचं? ती तिच्या परीनं अर्थ लावते, आणि या वयात पोरी स्वतःबद्दल नेहमी वाईटातला वाईट अर्थ लावतात. घरी वडिलांनी विचारलं, "का काढलं तुला?" तर तिच्यापाशी सांगायला काही नाही. मग वडील त्यांच्या परीनं अर्थ लावतात आणि मुख्याध्यापकांना फोन करतात. पालक म्हणतात त्या "ओरडत नाही" या तक्रारीच्या पोटात खरी तक्रार ही आहे: आमच्या पोरी कुठं उभ्या आहेत ते कुणालाच कळत नाही. त्यांना ती नीट मांडता येत नाही, म्हणून ते फटक्यांवर जातात.

फटक्यांचा विषय लगेच संपवू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तो कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा म्हणून कुणी वकिली केली, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 अठराच्या आतल्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं मारलं किंवा त्रास दिला तर तो गुन्हा. पालकांची "हरकत नाही" इथं चालत नाही. आणि उद्या एखादीच्या कानाला इजा झाली तर आज हरकत नाही म्हणणारेच पालक आधी पोलिसांत जातील. हे त्यांना हसत हसत, पण तोंडावर सांगा.

कठोर कोच जिंकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. व्हॉलीबॉलमध्ये तर त्याचं मोठं उदाहरण आहे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि महिलांचं सुवर्ण जपाननं घेतलं. त्यांचे कोच हिरोबुमी डायमात्सू यांना लोक राक्षस म्हणायचे. कापड कंपनीत दिवसभर काम करून आलेल्या बायकांना ते मध्यरात्रीपर्यंत चेंडूखाली लोळवायचे. पडून, गडगडून पुन्हा उभं राहायची ती डिग (जमिनीलगतचा चेंडू उचलणं) त्यांनीच त्यांच्याकडून घोटून घेतली. पण त्या कंपनीच्या संघातल्या, पगार घेणाऱ्या, मोठ्या बायका होत्या. तुमच्याकडे नववी-दहावीच्या पोरी आहेत, ज्यांना संध्याकाळी क्लासला जायचंय आणि घरी भावाला चहाही करून द्यायचाय. त्याच जपानात 2012 च्या डिसेंबरात ओसाकाच्या एका शाळेत बास्केटबॉल संघाच्या कर्णधार मुलानं कोचच्या मारहाणीनंतर जीव दिला. 2013 मध्ये तिथल्या मोठ्या क्रीडासंघटनांना एकत्र येऊन खेळातली हिंसा संपवण्याचा जाहीरनामा काढावा लागला. ज्यांच्याकडून आपण धाक शिकलो असं सांगतात, त्यांनीच तो मागं घेतलाय.

शिवाय हा खेळच असा आहे की धाक इथं उलटा बसतो. चेंडू धरता येत नाही, विचार करायला थांबता येत नाही, आणि चूक झाली की ती कुणाची ते अख्ख्या मैदानाला दिसतं. तुमचे काही पालक नव्वदच्या दशकात खेळलेले असतील. तेव्हा निर्णायक सेट सोडला तर सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळायचा. समोरच्याची सर्व्हिस असताना आपण पॉइंट मारला तर नुसती सर्व्हिस आपल्याकडे यायची, आणि आपली सर्व्हिस नेटमध्ये गेली तर सर्व्हिस जायची, गुण जात नसे. रॅली पॉइंट आल्यापासून प्रत्येक चूक म्हणजे एक गुण. अशा खेळात घाबरलेली पोर काय करते ते टेबलावर बसून गुण लिहिताना मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. ती सर्व्हिस मारत नाही, चेंडू नुसता पलीकडे ढकलते. आणि सगळ्यात महाग पडतं ते हे: ती "माझा!" म्हणून ओरडत नाही. चेंडू दोघींच्या मधोमध येतो, दोघी एकमेकींकडे बघतात, आणि तो टप्पकन दोघींच्या मध्ये पडतो. कारण जी ओरडेल तिची चूक ठरणार. ज्या संघाचा कोच गरजतो त्या संघाच्या पोरी मुक्या असतात, हे तुम्ही पुढच्या स्पर्धेत दुसऱ्यांच्या मॅच बघताना तपासून बघा. ओरडायचंच तर पोरींनी ओरडायला हवं, कोर्टावर, एकमेकींना.

मग कोचनं काय करायचं? टाइमआऊट सेटला दोनच, प्रत्येकी 30 सेकंदांचे. त्यातली दहा सेकंदं पोरी येऊन पाणी पिण्यात जातात. उरलेल्या वीसमध्ये "लक्ष कुठंय तुमचं?" हे वाक्य म्हणजे टाइमआऊट फुकट. लक्ष चेंडूवरच असतं बिचाऱ्यांचं. एक गोष्ट सांगा, फार तर दोन, आणि ती करता येईल अशी सांगा: "तिची सर्व्हिस पाच नंबरला (मागच्या डाव्या कोपऱ्यात) लांब येतेय, दोन पावलं मागे उभी राहा." "पहिला चेंडू उंच ठेवा, नेटपासून हातभर आत." हे हळू आवाजात सांगितलं तरी चालतं. मोठ्या आवाजाचं एकच काम आहे, ते म्हणजे गोंगाटात ऐकू जाणं. तेवढा आवाज तुम्ही जरूर कमवा, पोटातून, आरशाशिवाय. पंचांवर मात्र चढवू नका. लाल कार्ड मिळालं तर समोरच्यांना एक गुण आणि सर्व्हिस आयती मिळते.

आता सांगण्याबद्दल. दिवाळीनंतर सराव पुन्हा सुरू होईल तेव्हा एक साधी वही करा, दोनशे पानी. प्रत्येक मुलीला काही पानं. सरावाला आली-न आली. वीसपैकी किती सर्व्हिस आत, त्यांतल्या किती जोरकस. सर्व्हिस रिसीव्हला शून्य ते तीन असे गुण: लिफ्टरच्या हातात गेला तर तीन, लिफ्टरला पळावं लागलं तर दोन, कसाबसा वर राहिला तर एक, गेला तर शून्य. लिफ्टरसाठी वेगळं: किती पासांवर स्मॅशरला मारता आलं. हे लिहायचं काम त्या दिवशी बाहेर बसलेल्या मुलीला द्या. बाहेर बसणं म्हणजे शिक्षा हे त्यांच्या डोक्यातून निघायला त्याचा उपयोग होतो, आणि शिवाय दुसरीचा खेळ मोजताना पोर स्वतःचा सुधारते. आठवड्यातून एकदा प्रत्येकीला तिचं पान दाखवा, दोन मिनिटं, एकटीला. "रिसीव्ह सुधारलाय. पास अजून नेटला चिकटतोय, त्यामुळं तिसऱ्या सेटला हिला घेते." बास. पालक आले तर त्यांना त्यांच्या मुलीचं पान दाखवा, दुसऱ्या मुलीचं नाही. "तिच्यापेक्षा माझी बरी आहे" ही चर्चा सुरूच होऊ द्यायची नाही.

वहीनं सगळे वाद मिटतील असं नाही. निवडीत नजरेचा भाग राहणारच, आणि तो राहायला हवा. एखादी पोर सरावात वीसपैकी अठरा टाकते आणि 14-13 ला तिचे पाय लटपटतात, हे आकड्यात येत नाही. तो भाग तुमचा. तेवढा अधिकार मागून घ्या आणि उरलेलं सगळं उघडं ठेवा.

पालकसभा पुढच्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या पंधरवड्यात घ्या, मुख्याध्यापकांना शेजारी बसवून. संघ निवडायच्या आधी घेतलेली सभा आणि हरल्यावर घेतलेली सभा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अर्ध्या तासात उरकेल. सरावाच्या वेळा, दहावीच्या मुली कधीपर्यंत खेळणार, निवड कशी होते, प्रवासात कोण सोबत असेल. त्यातच दोन गोष्टी ठामपणे सांगून टाका. मॅचच्या दिवशी निवडीवर बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत या, वेळ देते. आणि बाहेरून टाळ्या वाजवा, शिट्ट्या मारा, "शाब्बास" म्हणा, पण "मार! मार! आत टाक! मागे हो!" नको. रिसीव्हला उभ्या असलेल्या पोरीला बाप, मॅडम आणि लिफ्टर असे तिघे एकदम सांगायला लागले तर ती कुणाचं ऐकेल? बापाचं. आणि चेंडू अंगावर येईल. व्हॉट्सॲप ग्रुप सूचनांपुरता ठेवा, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. रात्री अकरा वाजता येणाऱ्या "मॅडम एक विचारू का" ला उत्तर सकाळी द्यायचं.

आता नोकरी. तिच्याबद्दल शौर्याचे सल्ले द्यायला मला लाज वाटते, कारण तुमचं घरभाडं मी भरणार नाहीये. क्रीडाशिक्षकाची गत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: पंधरा ऑगस्टची कवायत त्याची, गॅदरिंगचा मंडप त्याचा, परीक्षेचं सुपरव्हिजन त्याचं, आणि जानेवारी उजाडला की खेळाचा तास गणिताला. त्यात कंत्राट. तेव्हा तत्त्वासाठी ऑर्डर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण मुख्याध्यापक नेमकं काय म्हणाले ते तुम्हाला अजून माहीतच नाही, हे लक्षात घ्या. "जरा सांभाळून घ्या" हे वाक्य आपल्याकडे शंभर अर्थांनी वापरतात. त्यांनाही वरून फोन आला असेल आणि त्यांनी तो तुमच्याकडे ढकलला असेल, एवढंच असू शकतं. त्यांच्याकडे जा आणि साधेपणानं विचारा, "सर, सांभाळून म्हणजे मी नेमकं काय करू?" मग गप्प बसा. इथं तुमचा गप्पपणा कामाला येऊ दे. "त्या मुलीला खेळवा" हे वाक्य समोर बसून उच्चारणं बहुतेकांना जमत नाही. ते म्हणतील, पालकांशी बोलत जा, वाद नको. ते तुम्हाला मान्यच आहे. आणि ते खरंच म्हणाले, तिला खेळवा, तर निदान तुम्हाला कळलं की प्रश्न तुमच्या आवाजाचा कधी नव्हताच.

बोलणं झालं की अर्ध्या पानाचा अर्ज लिहा: आजच्या चर्चेप्रमाणे निवडीसाठी अशी वही ठेवत आहे, पालकसभा अशी घेत आहे. आवक रजिस्टरला नोंद करून पोच घ्या. भांडणाचा सूर नको, नेहमीच्या कामकाजासारखा. वर्षाच्या शेवटी एक पानी अहवाल द्या: किती मुली आल्या, किती टिकल्या, कुठं खेळलो, काय निकाल लागला. मंडळावरच्या माणसांना फक्त ट्रॉफीचं कपाट दिसतं. चाळीस मुली संध्याकाळी मैदानावर येतात ही गोष्ट कुणी लिहून दिली नाही तर ती घडलेलीच नसते.

सोडायचं काय आणि धरून ठेवायचं काय, तेही सांगते. सरावाचे दिवस कमी करा म्हणाले, करा. दहावीच्या पोरींना दिवाळीनंतर मोकळं करा म्हणाले, करा. परीक्षा त्यांची आहे. निमंत्रित स्पर्धांना जाऊ नका म्हणाले तर वाईट वाटेल, पण तेही चालवून घ्या. कोर्टावर कोण उतरणार आणि पोरीवर हात उचलायचा की नाही, हे मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. ते दिलंत तर ऑर्डर मिळेल, पण ती मॅडमची नसेल, पाटी दाखवणाऱ्या माणसाची असेल.

राहिला लिफ्टरचा प्रश्न. वडिलांच्या आधी मुलीशी बोला. सरावानंतर नेट सोडताना थांबवून घ्या, चार लोकांसमोर नाही. तिला सांगा की का बाहेर घेतलं, आणि हेही सांगा की तेव्हाच सांगायला हवं होतं. मग तिला विचारा की तिला स्वतःला काय वाटतं. कदाचित ती म्हणेल की तिला लिफ्टर व्हायचंच नव्हतं, उंची कमी म्हणून सरांनी केलं. कदाचित म्हणेल की त्या दिवशी बोट दुखत होतं. तुम्ही सगळे मिळून जिच्या जागेवरून भांडताय, तिला अजून कुणी विचारलेलं नाही. खेळाचा एक मार्गही सुचवते: शालेय संघाला एकच लिफ्टर सगळ्या रोटेशनभर (जागा बदलत फिरताना) पळवण्यापेक्षा दोन लिफ्टर समोरासमोर, बाकी चार स्मॅशर, ही पद्धत बऱ्याचदा सोपी पडते. पुढं असलेली लिफ्टर पास देते, मागची रिसीव्हला राहते, आणि एकीवर सगळा भार येत नाही. पण ती पद्धत तुमच्या संघाला लागू पडत असेल तरच आणा. मंडळावरच्या वडिलांची सोय म्हणून आणलीत तर महिन्याभरात बाकीच्या अकरा जणींना कळेल.

वडिलांना भेटा ते शाळेत, मुख्याध्यापकांसमोर, चहा घेत. त्यांच्या घरी जाऊ नका. "साहेब, तिचं पान बघा. इथं ती चांगली आहे, इथं अजून महिनाभर मेहनत हवी. डिसेंबरमध्ये पुन्हा बघू." हुज्जत घालू नका, माफीही मागू नका. मंडळावर असलेला माणूस आकडे बघायला सरावलेला असतो. बहुतेकदा पान हातात आलं की आवाज खाली येतो. नाही आला तर निदान मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजू ऐकल्या.

आणि ते किट. यापुढे कुणी किट, बूट, प्रवासखर्च काहीही देऊ केलं तर ते शाळेच्या नावानं, ऑफिसात, पावती घेऊन. तुमच्या हातात नाही. जर्सीवर देणाऱ्याचं नाव छापायचं असेल तर संस्थेनं ठरवावं. यंदाचं जे झालं ते झालं, मागच्या तारखेची पावती करायला कुणी सांगितलं तर करू नका.

दुसरी नोकरी बघू का, असं विचारलंत. बघा की. अर्ज तयार ठेवा, बीपीएडची कागदपत्रं आणि तो एक पानी अहवाल फाइलला लावा, आणि ऑर्डरबद्दल मुख्याध्यापकांना जूनमध्ये नाही, एप्रिलमध्येच विचारा. बाकीच्या शाळांच्या जागा मे महिन्यात भरतात. जूनपर्यंत वाट बघत बसलात तर ही ऑर्डर सोडून दुसरं काही हातात राहत नाही, आणि हे तुम्हाला सांभाळून घ्यायला सांगणाऱ्यांनाही ठाऊक असतं.